तीन खाचांची पुली

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, वॉलरूहून कडायनाला घरी येत होतो. वाटेत आमच्या जुन्या व्हॅलियंट गाडीच्या पुढच्या बाजूला लाकडी पट्टी मोडल्यासारखा आवाज झाला आणि एसीची हवा हळूहळू बाहेरच्या हवेइतकीच गरम झाली. गाडी मात्र नीट चालत होती. मला वाटलं, विशेष काही नसेल. यंत्रांतलं मला फारसं कळत नाही. त्यामुळे काही मोडलं की मला एक तर विशेष काही नसेल असं वाटतं, नाहीतर आता सगळं संपलं असं.

शेजारच्या लिंडसे क्लाइनिगने संध्याकाळी बॉनेट उघडलं. चाळीस वर्षं गॅरेज चालवून तो निवृत्त झालाय, आणि माझी गाडी हीच आता त्याची करमणूक आहे.

"क्रँकची पुली गेली, हेडली," तो आतूनच म्हणाला. "पुढच्या खाचेचा काठ फुटलाय. एसीचा पट्टा आता तिथे टिकणार नाही."

"मग नवी बसवू."

लिंडसे डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिला. "त्र्याहत्तर सालच्या गाडीची? नवी?"

त्याने मला समजावून सांगितलं. पुली म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी फिरणारं, पट्ट्यांसाठी खाचा असलेलं चाक. साध्या गाड्यांच्या पुलीला दोन खाचा असतात. आमची गाडी आधी एका डॉक्टरांची होती आणि त्यांनी ती एसीसकट घेतली होती, म्हणून तिच्या पुलीला तिसरी खाच. अशा गाड्या मुळातच थोड्या निघाल्या.

"पट्टा काढून टाकतो. काचा खाली कर आणि फिर. आपण सगळे तसेच वाढलो."

"आणि व्हर्ना?"

तो बॉनेटपासून मागे सरला. चिंधीला हात पुसत राहिला.

व्हर्ना माझी बायको. नऊ वर्षांपूर्वी तिला मज्जातंतूंचा आजार झाला. हिवाळ्यात ती काठी घेऊन परसात जाते. पण पारा तिशीच्या वर गेला की तिचे पाय मेणाचे होतात, मग हात, आणि शेवटी बोलणंही जड होतं. थंडाव्यात अर्धा तास बसली की सगळं परत जागेवर येतं. व्हॅलियंटला पुढे एकच लांब सपाट बाक आहे. चाकाच्या खुर्चीतून फळीवरून घसरत ती एकटी त्यावर जाऊ शकते. हल्लीच्या गाड्यांच्या सीटांना दोन्ही बाजूंनी उंच कड असते. मुलाच्या गाडीत तिला पोत्यासारखं उचलून ठेवावं लागतं. एकदा ठेवलं होतं. ती परत त्या गाडीत बसली नाही.

एरवी मी तिला म्हणालो असतो, उन्हाळा सरेपर्यंत थांबू. पण त्याच आठवड्यात तिच्या भावाचं, गार्थचं, पत्र आलं होतं. ओरोरूजवळचं त्यांचं शेत शेजाऱ्याने विकत घेतलं होतं. शनिवारी, पंधरा फेब्रुवारीला, अवजारांपासून कपबश्यांपर्यंत सगळ्याचा लिलाव. शेजाऱ्याला जमीन हवी होती, घर नको होतं. महिनाअखेरीला तो घरावर बुलडोझर फिरवणार होता. व्हर्ना त्या घरात जन्मली आहे.

"मला जायचंय," ती म्हणाली. "फक्त स्वयंपाकघरात उभं राहायचंय. नाही जमलं तर बसायचंय."

दोनशे किलोमीटर. पहाटे निघून जाणं जमलं असतं. पण दिवसभर थांबायचं कुठे? घराची वीज आधीच तोडली होती. गावात चाकाच्या खुर्चीची एक टॅक्सी आहे, ती इतक्या लांब येत नाही. म्हणजे गाडीच हवी होती, आणि गार गाडी हवी होती. त्यासाठी जुन्या लोखंडाचं बशीएवढं एक चाक हवं होतं.

लिंडसेने फुटका काठ वेल्डिंग करून बघितला. तो जवळच्या मूंटाच्या फाट्यापर्यंतही टिकला नाही. ॲडलेडच्या एका लेथवाल्याने नवी कातून देतो म्हणून सांगितलं, पण एप्रिलमध्ये. मग मी फोन करायला घेतले. मला फोनवर बोलणं जमत नाही. काय बोलायचं ते आधी कार्डावर लिहून घेतो, आणि तरी समोरचा "हॅलो" म्हणाला की कार्डावरच्या दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो. जुन्या गाड्या मोडणाऱ्यांचे एकोणीस नंबर होते. उत्तर सगळीकडे एकच.

"एसीवाली पुली? अहो, एसी तर आम्ही सगळ्यात आधी काढून फेकायचो. ताकद खातो, जड असतो. गाडी घरी आणली की पहिला रविवार त्याचाच."

"फेकायचो म्हणजे नेमकं कुठे?" मी एकाला विचारलं.

"म्हणजे तुम्ही आता कचरा डेपो खणणार का?" त्याने विचारलं. मला चेष्टा आहे हे उशिरा कळलं. तोवर मी डेपोचा पत्ता लिहून घेण्यासाठी पेन उचललं होतं.

शेवटी क्वीन्सलँडमध्ये एक माणूस सापडला. त्याला सुट्या भागांच्या पुस्तकातला नेमका नंबर हवा होता. पुस्तकांचं मला जमतं. बत्तीस वर्षं मी कडायनाच्या शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. मी नंबर काढला, तीन वेळा ताडून बघितला आणि पाठवला. जानेवारीच्या मध्यावर खोकं आलं. लिंडसेने पुली बाहेर काढली, वळवून बघितली आणि माझ्या हातात दिली. खाचा दोन होत्या.

"त्याने फसवलं," मी म्हणालो.

लिंडसेने पुस्तक मागितलं आणि ओळीवर बोट ठेवलं. मी तीनही वेळा वरची ओळ वाचली होती. तिथे स्पष्ट छापलं होतं, एसी नसलेल्या गाड्यांसाठी.

त्या रात्री मी व्हर्नाला सांगितलं की पार्सलला उशीर होतोय. ती म्हणाली, "खोकं शेडमध्ये दिसलं मला." मग आम्ही बराच वेळ टीव्ही बघितला.

आता एकच रस्ता उरला होता, जुन्या भागांचा बाजार. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी बालाक्लाव्हाच्या रेसकोर्सवर तो भरतो. लोक पहाटेपासून सतरंज्यांवर गंजकी लोखंडं मांडून बसतात. तिथे एक रीत आहे. ज्याला काही हवं असतं तो ते पुठ्ठ्यावर लिहून पाठीवर लटकवतो आणि नुसता फिरतो. ज्याच्याकडे असेल तो हाक मारतो.

"तुझ्यासाठीच काढलीय ही रीत," लिंडसे म्हणाला. "तोंड उघडायला नको."

मी आदल्या रात्री पुठ्ठा लिहिला. गाडीचं नाव, साल, इंजिन, सिलिंडर, मूळ एसी, पुलीचा व्यास, खाचा, आणि खाली पर्यायी नंबर दोन. व्हर्नाने चष्मा लावून वाचला.

"हे चालत्या माणसाच्या पाठीवर कोण वाचेल? मोठं लिही."

"मोठं लिहिलं तर मावत नाही."

"मग कमी लिही."

मला कमी लिहवलं नाही. एखादी माहिती गाळली आणि नेमकी तीच महत्त्वाची निघाली तर? त्यामुळे बालाक्लाव्हाला सकाळी सात वाजल्यापासून लोक माझ्या मागे मागे चालत वाचत होते.

"आजोबा, जरा दमानं. शेवटची ओळ राहिली."

"उभे राहा की. पेपर पळतोय हा."

पाठीमागे आपल्याबद्दल चाललेलं ऐकत चालणं सोपं नसतं. मी सतरंज्यांवरचे कार्ब्युरेटर बघितल्यासारखं करत होतो. तासाभराने एका जाड बाईने माझ्या खांद्यावर टिचकी मारली. समुद्रकाठच्या पोर्ट वेकफील्डची होती, हातात ब्रेडमध्ये गुंडाळलेला सॉसेज.

"तीन खाचांच्या? चार होत्या की आमच्याकडे."

मी पाकिटाकडे हात नेला. "होत्या?"

"नवऱ्याने खेकड्यांच्या जाळ्यांना बांधल्या. वजन म्हणून. छान बसतात तळाशी." तिने माझा चेहरा बघितला. "दोन जाळी तुटून गेली. उरलेल्या दोन गंजून चाळण झाल्यात. हव्यात तर देते."

मी आभार मानले. का मानले, माहीत नाही.

दहाच्या सुमाराला ऊन चढलं. लिंडसे सावलीत आइस्ड कॉफीचा खोका पीत बसला होता. मी परत निघणार तेवढ्यात मागून शांत आवाज आला.

"माझ्याकडे तीन आहेत."

मी वळलो. माझ्याच वयाचा, काटकुळा माणूस. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.

"चांगल्या आहेत?"

"उत्तम."

"केवढ्याला द्याल?"

"विकायच्या नाहीत."

मला वाटलं माझं काहीतरी ऐकायचं राहिलं. "मग..."

"तुम्ही विचारलंय म्हणून सांगितलं," तो माझ्या पाठीकडे बोट करून म्हणाला. "एक गाडीवर आहे ती वेगळी. या तीन राखीव. माझी मोडली तर मी काय करायचं?"

त्याने नाव सांगितलं, ऑटो फिट्झनर, राहणार युडंडा. मग तो निघून गेला. लिंडसेला हे सांगितल्यावर त्याने खोका चिरडून टाकला.

"आणि तू त्याला जाऊ दिलंस? चांगला कॉलर धरून हलवायचास."

"तो त्याच्या जागी बरोबर होता."

"हेडली, एका गाडीला तीन राखीव पुल्या. तो त्याच्या नाही, सरळ कबरीच्या जागी बरोबर आहे. दीडशे वर्षं पुरतील त्याला."

व्हर्नाने सगळं ऐकून घेतलं. ती एवढंच म्हणाली, "तू त्याला माझ्याबद्दल सांगितलंस का?" मी सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंच नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण बायकोचं आजारपण दाखवून वस्तू मागायची मला लाज वाटली. हेही मी तिला सांगितलं नाही. मी फिट्झनरला पत्र लिहिलं, दोन पानी. व्हर्नाचं त्यातही लिहिलं नाही. सात दिवस उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी मी काचा खाली करून युडंडाला निघालो. दीडशे किलोमीटर, एकेचाळीस डिग्री. पोचलो तेव्हा शर्ट बाकाला चिकटला होता.

तो शेडच्या दारातच होता. "पत्र मिळालं," तो म्हणाला. "सुंदर अक्षर. उत्तर तेच आहे म्हणून लिहिलं नाही."

पण त्याने पाणी दिलं, आणि मग मला शेड दाखवली. दाखवल्याशिवाय त्याला राहवलंच नसतं, असं मला वाटतं. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर खिळे, प्रत्येक खिळ्याखाली टंकलिखित चिठ्ठी. नंबरांच्या क्रमाने. पंपांच्या खाली पंप, काट्यांच्या खाली काटे. एकाही भागावर धूळ नव्हती. मधोमध तीन पुल्या, तेल लावलेल्या, काळ्या कुळकुळीत. मी हात मागे बांधून बघत राहिलो. मी इथे भांडायला आलो आहे हे मी दोन मिनिटं विसरलो होतो.

"इथे क्रम चुकलाय," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. "हा नंबर त्याच्या आधी हवा."

त्याने वाकून बघितलं. दोन गॅस्केटांची अदलाबदल केली. मग पूर्ण ओळ पुन्हा एकदा वाचून काढली.

"माझी बायको उन्हात बसू शकत नाही," मी म्हणालो आणि लिलावाचं सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मागचं पुढे झालं. त्याने मान हलवली. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि तो देणार नाही हेही दिसत होतं.

"कंजूस नाही मी," तो म्हणाला. "पैशाचा प्रश्नच नाही. पण उद्या सकाळी इथे आलो आणि हा खिळा रिकामा दिसला तर मला दिवसभर दुसरं काही सुचणार नाही. तुम्हाला हसू येईल."

मला हसू आलं नाही. शाळेत कपाटातून एखादं पुस्तक बाहेर गेलं की मी त्याच्या जागी त्याच आकाराचा पुठ्ठा उभा करत असे. पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, परत यायची तारीख. मुलं हसायची. पण मोकळ्या फटीमुळे आजूबाजूची पुस्तकं कलतात आणि एकदा कलली की सगळी ओळ बिघडते.

"विकू नका," मी म्हणालो. "उसनी द्या. मी खिळ्यावर पुठ्ठा लावतो."

"कसला पुठ्ठा?"

गाडीत बालाक्लाव्हाचाच पुठ्ठा पडला होता. त्याने मला कात्री दिली. मी पुलीवर ठेवून गोल आखला आणि कापला, मध्ये भोक पाडलं. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, भागाचा नंबर, हेडली ट्रेझाइस, कडायना, परत सतरा फेब्रुवारी. फिट्झनरने मधली पुली काढली आणि पुठ्ठा अडकवला. दोन पावलं मागे जाऊन बघितला. मग पुढे होऊन थोडा सरळ केला.

"मधली नको," मी म्हणालो. "तिन्हींत जी जास्त झिजलेली असेल ती द्या. ग्रंथालयात आम्ही नवी प्रत बाहेर देत नसू."

त्याने मधली परत लावली आणि उजवीकडची काढली. पुठ्ठाही उजवीकडे हलवला.

"सतरा म्हणजे सतरा," तो म्हणाला. "अठरा नाही."

लिंडसेला पुली बसवायला साडेचार तास लागले. रेडिएटर काढावा लागला. बोटांची सालं गेली आणि दर पाच मिनिटांनी त्याने फिट्झनरच्या एकेका पूर्वजाची आठवण काढली. "एका दिवसासाठी," तो म्हणायचा. "एका दिवसासाठी मी हे घालतोय आणि परत काढणार आहे. मला कोणीतरी सांगा की मी शहाणा आहे." कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी एसी सुरू झाला. व्हर्ना फळीवरून घसरत बाकावर आली आणि एसीच्या झरोक्यासमोर तळहात धरून बसली.

शनिवारी ओरोरूला चव्वेचाळीस डिग्री होतं. मी गाडी घराला टेकवून, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. अंगणात लिलाव करणारा नांगराच्या फाळांवर बोली ओरडत होता. ओळखीची माणसं एकेक करून गाडीशी येत. व्हर्ना काच चार बोटं खाली करी, बोलणं झालं की वर. माझी नजर इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर होती. उभ्या गाडीत इंजिन चालू, असं ऊन, आणि उसनी पुली. मला कोणाचंही बोलणं नीट ऐकू आलं नाही.

अकराला गार्थ आला. "चल, व्हर्न. फार उशीर केलास तर टेबल विकलं जाईल."

त्याने आणि शेजाऱ्याच्या मुलांनी तिला खुर्चीसकट तीन पायऱ्या चढवून आत नेलं. मी काट्यासाठी गाडीतच राहिलो. खिडकीतून ती दिसत होती. चुलीच्या जागी नुसता काळा चौकोन राहिला होता. ती टेबलाला धरून उभी राहिली. गार्थ काहीतरी सांगत होता, ती हसत होती. मग तिचा एक गुडघा वाकला. तिने दुसरा हात टेबलावर ठेवला. अजून थोडं उभं राहायचा तिचा बेत मला ओळखू आला, आणि मी हॉर्न वाजवला. आयुष्यात मी फार कमी वेळा हॉर्न वाजवला आहे. लिलाव करणारा बोली थांबवून बघायला लागला.

तिला परत बाकावर आणलं तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. मी सगळे झरोके तिच्याकडे वळवले. पंचवीस मिनिटांनी पहिला शब्द आला.

"हॉर्न," ती म्हणाली. नंतर, "अकरा मिनिटं उभी होते मी. घड्याळ बघितलं."

टेबल कोणीतरी वीस डॉलरला नेलं. आम्ही चार वाजता निघालो.

रविवारी लिंडसेने उसनी पुली काढली आणि जुनी फुटकी परत बसवली. सोमवारी मी काचा खाली करून युडंडाला गेलो. फिट्झनरने पुली कापडाने पुसली, उजेडात धरून काठ तपासला आणि खिळ्यावर लावली. पुठ्ठा त्याने मला परत दिला नाही. टेबलाच्या खणात ठेवला. "सतरा तारीख," एवढंच म्हणाला. मीही तेवढंच म्हणालो. परत येईपर्यंत पुन्हा दीडशे किलोमीटर घाम.

घरी व्हर्ना पडदे ओढून बसली होती. मी पाणी पीत असताना तिने कॅलेंडर समोर ठेवलं. मार्चमध्ये दोन तारखांभोवती गोल केले होते, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक. मैत्रिणीच्या, हेदरच्या, नातवाचं नामकरण. डोळ्यांचा डॉक्टर, ॲडलेड. गार्थचं नवं घर.

मी मनातल्या मनात हिशेब केला. प्रत्येक गोलामागे युडंडाच्या दोन खेपा, म्हणजे सहाशे किलोमीटर, आणि लिंडसेचे आठ-नऊ तास. लिंडसे माझ्याशी बोलणं बंद करणार होता हे नक्की.

"व्हर्ना, तो माणूस इतक्यांदा देणार नाही."

"तू विचारलंस?"

मी ग्लास खाली ठेवला. विचारलं नव्हतं.